मखमल उतरल्यावर

त्या वर्षी मी चितळांच्या लेंड्या गोळा करत होते. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसायचे आणि मग विचारायचे, "अच्छा, मग त्यांचं करता काय?"

मी जनावरांची डॉक्टर. शिकले जबलपुरातच. काही वर्षं तिथल्याच गोरखपूर भागात कुत्री-मांजरं तपासली आणि मग पुन्हा संशोधनाकडे वळले. चितळ नराच्या अंगातलं नराचं हार्मोन वर्षभरात कसं चढतं-उतरतं आणि शिंगांचा त्याच्याशी काय संबंध, हा माझा विषय होता. रक्त काढायचं तर जनावर पकडावं लागतं, आणि चितळ पकडलं की नुसत्या धसक्यानंही मरू शकतं. त्या हार्मोनचा अंश लेंड्यांत उतरतो. म्हणून लेंड्या.

बरगीच्या रस्त्याला जंगलाचा एक तुकडा जाळीनं बंदिस्त केलेला होता. जखमी झालेली, आई गेलेली, विहिरीत पडून वाचलेली चितळं तिथे ठेवत. सगळे त्याला बाडा म्हणायचे. मी आठवड्यातून दोनदा सकाळी स्कूटरवरून तिथे जायची आणि बाड्याची राखण करणारे काका माझ्याबरोबर आत यायचे. काकांचं वय पन्नाशीच्या पुढे, मूळ गाव बालाघाटकडचं, घरात मराठी. जबलपुरात दिवसभर हिंदी बोलून कंटाळलेला माणूस. मला पाहिलं की त्यांची मराठी सुरू व्हायची आणि फाटकापर्यंत थांबायची नाही.

बाड्यात एक नर होता, तो आम्हा दोघांचा. म्हणजे कागदावर त्याला नंबर होता, पण वाढवला होता काकांनी. चार वर्षांपूर्वी बरगीकडच्या एका शेतकऱ्यानं त्याला पोत्यात घालून आणलं होतं. आईला कुत्र्यांनी मारलं होतं आणि हे पाडस उसाच्या कडेला बसून होतं. तेव्हा मी विद्यार्थिनी होते. शेळीचं दूध कोमट करून बाटलीनं पाजायचं काम माझ्याकडे आलं होतं. दूध संपलं की ते माझी बोटं चोखायचं. काका त्याला मांडीवर घेऊन बसायचे आणि ओल्या फडक्यानं अंग पुसायचे, आई चाटते तसं. त्याला हाक मारायची तर "बेटा" म्हणायचे. दुसरं नाव कधी ठेवलंच नाही.

इथे शिंगांबद्दल थोडं सांगायला हवं. गाई-म्हशीचं शिंग जन्मभराचं असतं. चितळाचं तसं नाही. ते हाड असतं, दरवर्षी गळून पडतं आणि नव्यानं उगवतं. वाढत असताना त्याच्यावर बारीक केसांची कातडी असते, तिला मखमल म्हणतात. हात लावला तर गरम लागते, कारण आत रक्त खेळत असतं. त्या दिवसांत नर शिंगांना फार जपतो, फांदीसुद्धा लागू देत नाही. मग अंगात हार्मोन चढायला लागतं. मखमलीतलं रक्त आटतं, ती वाळून चिंध्यांसारखी लोंबते आणि नर ती झाडांवर घासून काढतो. आतून टणक, टोकदार शिंग निघतं. त्याच हार्मोननं मान जाड होते, आवाज फुटतो, नर दुसऱ्या नरांच्या अंगावर जाऊ लागतो. काही महिन्यांनी हार्मोन उतरलं की शिंगं बुडाशी सैल होतात आणि पडतात. थंड देशांतल्या हरणांत हे दिवसाच्या लांबीवर घड्याळासारखं चालतं. आपल्या चितळांचं इतकं काटेकोर नसतं, प्रत्येक नराचं थोडं पुढेमागे होतं. पण आमच्या बाड्यातल्या बहुतेक नरांची मखमल होळीच्या आसपास उतरायची आणि उन्हाळाभर शिंगं टणक असायची.

त्या वर्षी आमच्या नराची मखमल इतरांच्या नंतर, रामनवमीच्या सुमाराला उतरली. शिंगं मोठी होती, हातभराहून लांब, टोकं पांढरी. काकांनी मखमलीचा एक तुकडा कागदात बांधून मला आणून दिला होता.

प्रयोगशाळेत तपासणी अशी असते की एका प्लेटमध्ये छोट्या छोट्या वाट्या असतात, त्यांत नमुना घालून शेवटी रंग येऊ द्यायचा. रंग जितका फिका, तितकं हार्मोन जास्त. एप्रिल संपता संपता मी त्याच्या लेंड्यांची प्लेट लावली, तर त्याच्या रांगेतल्या वाट्या जवळजवळ पाण्यासारख्या राहिल्या. बाकी नरांच्या वाट्यांत पिवळा रंग होता. मी माझ्या सरांना बोलावलं. आम्ही दोघांनी प्लेट उजेडाकडे धरून पाहिली आणि सर म्हणाले, "काय सुंदर चढण आहे." मी खोया जलेबी मागवली. सगळ्या विभागानं खाल्ली.

त्या चढणीचा अर्थ काय होतो, हे काकांना सांगायला हवं होतं. मला ते सुचलंच नाही. ती माझ्या आलेखातली रेष होती. तिच्या दुसऱ्या टोकाला एक जनावर उभं आहे आणि त्याच्याजवळ रोज सकाळी एक माणूस बिनकाठीचा जातो, हे दोन्ही मला माहीत होतं. पण मी ते एकत्र धरून पाहिलं नाही.

त्यानंतर दहाएक दिवसांनी, मे महिन्यात, मी साडेसहाला बाड्यावर पोचले. ऊन अजून कोवळं होतं पण वारा गरम सुटला होता. पिशवी आणि फोन मी नेहमीसारखे फाटकाच्या आत खुंटीला टांगले, कारण आत वाकून काम करताना फोन पडायचा. नमुन्यांच्या डब्या आणि चिमटा घेऊन मी काकांच्या मागे निघाले. काकांचा फोन त्यांच्या सायकलीच्या पिशवीत, बाहेरच.

माद्या लांब सागाखाली होत्या. आम्ही चाऱ्याच्या कोठीजवळ पोचलो. कोठी म्हणजे विटांची एक लहान खोली, पत्र्याचं छप्पर आणि लाकडी दार. तिच्यासमोर सिमेंटची गव्हाण. मी वाकून लेंड्या पाहत होते, एवढ्यात मला माती खरवडल्याचा आवाज आला. मान वर केली तर तो वीसेक पावलांवर होता.

तो सरळ येत नव्हता. आपली एक बाजू आम्हाला दाखवत, पाय ताठ ठेवून, आडवा चालत होता. हनुवटी आत ओढलेली. अंगावरचे केस उभे राहिल्यामुळे त्याचा रंग काळपट वाटत होता आणि ठिपके बुजल्यासारखे दिसत होते. डोळ्यांखाली वासाच्या ग्रंथींच्या दोन चिरा उघडल्या होत्या. त्या तिथे असतात हे मला माहीत होतं, पण इतक्या उघडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. शिंगांत उपटलेलं गवत अडकलं होतं. आणि तो आमच्याकडे बघत नव्हता, मुद्दाम दुसरीकडे बघत होता. या सगळ्याचा अर्थ मी वाचलेला होता, परीक्षेत लिहिलाही होता. नर दुसऱ्या नराला असं आव्हान देतो.

मी हळू आवाजात म्हणाले, "काका, मागे या."

"काहून?"

"तो नीट दिसत नाही."

"लाड करायला येऊन राहिला तो, ताई. आज चणे नाही भेटले ना त्याले." त्यांनी हात पुढे केला. "ये बेटा."

जंगलातला नर माणूस दिसला की पळतो, कारण त्याला माणसाची भीती असते. याला ती नव्हती. आम्हीच ती होऊ दिली नव्हती. काका त्याला माणूस वाटत नव्हते, त्याच्या जातीतला एक मोठा नर वाटत होते. बाटलीनं वाढवलेल्या नराचा धोका हाच असतो. हे आता मी विद्यार्थ्यांना शिकवते.

त्यानं डोकं खाली घातलं. मधलं अंतर कसं संपलं ते मला दिसलंच नाही. काकांनी दोन्ही हातांनी त्याची दोन्ही शिंगं धरली आणि ते दोघं तसेच उभे राहिले. तो रेटत होता आणि काकांच्या चपला मातीत मागे घसरत होत्या. काका त्याच्याशी बोलत होते, "बस बेटा, बस, बस झालं," अगदी घरातल्या आवाजात. मग ते मला म्हणाले, "ताई, सोडता येत नाही मले." त्यात घाबरल्याचा सूर नव्हता, आश्चर्य होतं.

मी पळाले.

हे मी पुढे कुणाला इतकं सरळ सांगितलेलं नाही. चौकशीत मी म्हणाले, "मी मदतीसाठी बाजूला झाले." तसं नव्हतं. मी पळाले आणि गव्हाणीमागे जाऊन बसले. गुडघे छातीशी घेतले आणि डोळे मिटले. हातातल्या डब्या मी इतक्या घट्ट धरल्या होत्या की एकीचं झाकण फुटलं आणि तळव्यात घुसलं, तेही मला नंतर कळलं. माझ्या कानांत माझाच श्वास मोठ्यानं वाजत होता. त्याच्या पलीकडून काका पडल्याचा आवाज आला, आणि मग एक आवाज जो मला लिहिता येणार नाही.

किती वेळ बसले कोण जाणे. कदाचित पंधरा सेकंद, कदाचित त्याहून बरंच जास्त. काकांनी मला हाक मारली नाही. मारली असती तर मी उठले असते का, हे मला सांगता येत नाही. झालं असं की मी डोळे उघडले तेव्हा समोर निळी ताडपत्री होती, चाऱ्यावर टाकलेली. ती मी ओढली आणि दोन्ही हातांत पसरून धरली. काका पाठीवर पडले होते आणि तो त्यांच्यावर वाकलेला होता. डोकं वर काढून पुन्हा खाली घालायच्या बेतात होता. मी ताडपत्री त्याच्या डोक्यावर टाकली.

शिंगं तिच्यात अडकली. त्याला दिसेनासं झालं आणि तो डोकं झटकत, गोल फिरत मागे गेला. ताडपत्री फडफडत होती. मी काकांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत कोठीत नेलं. कोठी चार-पाच पावलांवर होती. काका हडकुळे होते, तरी त्या चार-पाच पावलांत माझ्या पाठीत जे भरलं ते वर्षभर गेलं नाही. दार लावलं. आतल्या कडीचा कोयंडा अर्धा उचकटलेला होता. कडी लागली, पण हलत होती.

काकांच्या उजव्या मांडीत, आतल्या बाजूला, भोक होतं. पँट तिथून भिजत चालली होती. मी बोट घालून कापड फाडलं आणि पाहिलं. रक्त उडत नव्हतं, वाहत होतं. उडत असतं तर काही मिनिटांचाच प्रश्न होता. तेवढ्यापुरती मी डॉक्टर झाले. ओढणीची घडी करून जखमेवर ठेवली, तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि सगळं वजन टाकलं.

तेव्हाच दारावर पहिला धक्का बसला.

कोठीत चाऱ्याचा वास होता आणि विटांच्या फटीतून उजेडाच्या रेघा येत होत्या. दार हललं की कोयंड्याचा खिळा थोडा बाहेर यायचा. मला तो खिळा दिसत होता. उठून दाराला काही टेकवावं असं वाटत होतं, पण जखमेवरून हात काढता येत नव्हता. मी पाय लांब करून टाचेनं दार दाबलं. दोन्ही हातांचा जोर मांडीवर, एका पायाचा जोर दारावर, अशी मी जवळजवळ आडवी पडले होते. दर धक्का माझ्या टाचेतून कमरेपर्यंत यायचा. मी ओरडत होते, "कोई है? भैया, कोई है?" बाहेर कुणी नव्हतं. दुसरा माणूस चाऱ्याची गाडी घेऊन आठ वाजता यायचा.

थोड्या वेळानं धक्के थांबले. ते मला जास्त वाईट वाटलं. फटीतून दिसायचं की तो दारासमोर उभा आहे, ताडपत्रीची निळी चिंधी एका शिंगाला लटकते आहे आणि पोट भात्यासारखं हलतं आहे. मग त्यानं मान वर करून आवाज दिला. नराचा तो आवाज मी शंभरदा ऐकला होता, वहीत त्याच्या वेळा लिहिल्या होत्या. पण दोन हातांवरून, पत्र्याच्या छपराखाली, तो आवाज ऐकला तेव्हा मी टाच दारावर आणखी जोरात दाबली.

"गेला काय?" काकांनी विचारलं.

"नाही."

"पाणी पाहिजे होतं."

"नाही काका. आत्ता नाही. बोलत रहा माझ्याशी."

"काय बोलू?" त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "त्याले मारतीन काय हो ताई?"

"कोण?"

"साहेब लोक. म्हणतीन, माणसाले मारते हा. बंदूक आणतीन."

"तुम्ही आत्ता त्याचा विचार करू नका."

"मंग कोणाचा करू?" काका म्हणाले. जरा वेळानं पुन्हा बोलले. "तुम्ही सांगा, मी पाय घसरून पडलो. खुंट लागला."

त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण हात मोकळा नव्हता. मला रडू येत होतं आणि रडले तर हाताचा जोर कमी होईल अशी भीती होती. मी मोजायला लागले. हजारपर्यंत मोजायचं आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. दुसऱ्यांदा सातशेच्या पुढे होते तेव्हा गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी ओरडले. दुसऱ्या माणसानं आधी बाहेरच्या पिंपाचं झाकण वाजवून, मग हरभऱ्याचं पोतं पलीकडच्या जाळीपाशी ओतून त्याला तिकडे ओढलं. पोत्याचा आवाज ऐकल्यावर तो शांतपणे चणे खायला गेला. मला फटीतून दिसलं. एक-एक दाणा निवडून खात होता.

तेवढ्यात आम्ही दोघांनी काकांना उचलून गाडीत घातलं आणि शहरात, नेपियर टाउनमधल्या दवाखान्यात नेलं. मोठी रक्तवाहिनी बोटभर अंतरानं वाचली होती, असं सर्जन म्हणाले. पण शिंगाबरोबर माती आणि कापडाचे धागे खोल गेले होते. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि उतरेना. मांडी सुजून चकाकायला लागली. मी रोज सकाळी जायची. काकांची बायको बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली असायची. ती मला काही विचारत नव्हती. मी डॉक्टर आहे म्हणून माझ्या तोंडाकडे बघायची. मी आतून आले की तेवढ्यावरून ओळखायला बघायची. माझं तोंड माझ्या ताब्यात राहावं म्हणून मी आत जायच्या आधी नळावर पाणी मारून घ्यायची. जखम दोनदा पुन्हा उघडून धुवावी लागली. तो पाय राहील की नाही, माणूस राहील की नाही, हे आठ दिवस कुणी सांगत नव्हतं.

त्या दिवसांत माझी गत वेगळीच झाली होती. गोरखपूरच्या बाजारात आडवी उभी असलेली गाय दिसली की मी दुकानात शिरायची. सायकलचं हँडल एकदम समोर आलं की हात आपोआप तोंडापुढे जायचे. प्रयोगशाळेत पिपेट धरला की थेंब भलत्याच वाटीत पडायचा. आईनं हे सगळं पाहिलं. वडील डिफेन्सच्या कारखान्यात होते, तिथला एक अपघात त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि कधी घरी बोलले नव्हते. आई म्हणाली, "तुझे बाबा असेच झाले होते. जेवताना चमचा पडला तरी उठून उभे राहायचे."

"मग बरे कसे झाले?"

"कोण म्हणते बरे झाले?" आईनं माझ्या पानात भात वाढला. "कामावर मात्र जात राहिले. तू काहून जातेस तिथे, असं मी तुला विचारणार नाही. पण मला सांगून जात जा."

नवव्या दिवशी ताप उतरला. काकांनी पेज मागितली. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले आणि तिथल्या नर्सदीदीनं मला पाणी आणून दिलं.

मग चौकशी झाली. तीन जणांची समिती, लांब टेबल, पंख्याचा आवाज. काकांनी माझ्याकडून वचन घ्यायचा प्रयत्न केला होता की खुंट लागला असंच सांगायचं. मी तसं सांगितलं नाही. तिथे बसले तेव्हा मला बाड्यातल्याइतकीच भीती वाटत होती, कारण मला एकच प्रश्न दिसत होता, तुमच्याकडे आकडा आधी आला होता का. तो प्रश्न समितीनं विचारला नाही. म्हणून मीच सांगितलं की दहा दिवस आधी माझ्याकडे त्याच्या हार्मोनचा आकडा आलेला होता, इतर सगळ्या नरांपेक्षा कितीतरी वर, आणि मी तो बाड्यात कळवला नाही. सर माझ्याकडे बघत होते. समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, "मॅडम, आकडा कळवला असता तर काय झालं असतं?"

"काका काठी घेऊन गेले असते. किंवा आम्ही आत गेलोच नसतो."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"हो."

त्यांनी लिहून घेतलं. मला लेखी ताकीद मिळाली, सरांनाही. त्या नराचं काय करायचं यावर बराच वेळ बोलणं झालं. कुणी म्हणालं, शिंगं कापा. कुणी म्हणालं, खच्ची करा. मी समजावून सांगितलं की टणक शिंगं असताना नर खच्ची केला तर हार्मोन एकदम पडतं आणि शिंगं गळतात. पुढची जी येतात ती कधीच टणक होत नाहीत, मखमल तशीच राहते, वर्षानुवर्षं वेडीवाकडी वाढत जातात, जखमा होतात. शेवटी असं ठरलं की बाड्याचा एक कोपरा दुहेरी जाळीनं वेगळा करायचा, तो तिथे राहील, आत माणूस जाणार नाही, चारा-पाणी बाहेरून. आणि कुठल्याही नराची मखमल उतरायला लागली की त्या दिवसापासून बाड्यात पायी जाणं बंद. माझे आकडे दर आठवड्याला फाटकावरच्या फळ्यावर लिहायचे. फळा मी स्वतः विकत आणला.

काका दिवाळीच्या आधी कामावर आले. उजवा पाय किंचित ओढत चालायचे. त्यांना फाटकावर खुर्ची दिली. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "चलो ताई, त्याले भेटून येऊ."

शिंगं त्याची पावसाळ्यातच पडली होती. दोन्ही मला जाळीबाहेरून लांब दांड्याच्या दाताळ्यानं ओढून घेता आली होती. आता त्याच्या कपाळावर दोन गरम, मऊ कोंब होते. मान बारीक झाली होती, ठिपके स्वच्छ. काकांना पाहून तो जाळीशी आला. त्या ठिकाणी चाऱ्यासाठी दोन्ही जाळ्यांत एक फट ठेवली होती. काकांनी तिच्यातून हात घातला आणि तो काकांची बोटं चाटायला लागला. पाच महिन्यांपूर्वी त्याच डोक्यानं काय केलं होतं, याचं त्याच्याकडे काहीच नव्हतं. राग नव्हता, ओशाळलेपण नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते आणि काही सापडत नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली. मला वाटलं होतं, शिंगं नसलेला तो पाहिला की माझं मन हलकं होईल.

"लावा हात," काका म्हणाले. "पहा किती गरम आहे."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा केला. जमलं नाही.

"नका लावू," काका म्हणाले. "वाटते भेव, तर नका लावू."

माझं काम पूर्ण झालं. उरलेले सगळे नमुने मी जाळीबाहेरून, दाताळ्यानं ओढून घेतले. त्याला वेळ लागायचा आणि पाठ दुखायची. आलेखातली त्याची रेष छापून आली तेव्हा मी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पान उलटलं.

पुढच्या उन्हाळ्यात, मखमल उतरून महिना झाल्यावर, काका आणि मी दुहेरी जाळीच्या बाहेर उभे होतो. फट आता लोखंडी पट्टीनं बंद केली होती. तो आडवा चालत आला, आमच्याकडे न बघता. मी केव्हाच चार पावलं मागे गेले होते. काका जाळीशीच उभे होते. त्यानं डोकं खाली घातलं आणि आतल्या जाळीवर आदळला. सगळी जाळी खांबापासून खांबापर्यंत वाजली. काका मागे सरकले. एक पाऊल, मग दुखऱ्या पायानं दुसरं, असं करत ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा हात छातीवर होता.

"मले आता भेव लागते याचं," ते म्हणाले.

"मलाही, काका."

त्यांनी मान हलवली. तो दुसऱ्यांदा आदळला. आम्ही थोडा वेळ तिथेच उभे राहिलो आणि मग फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो.